घोड्याची दाढ की बैलाची? जीवाश्म हातात आला तर कुठं बघायचं

नर्मदेच्या जुन्या गाळात, आणि आपल्याकडे गोदावरी-मांजराच्या काठीपण, हिमयुगातल्या जनावरांचे दात निघतात. त्यातली सगळ्यात जास्त गफलत होणारी जोडी म्हणजे इक्वस नमादिकस हा घोडा आणि बॉस नमादिकस हा रानबैल. दोघं गवत खाणारे, दोघांच्या दाढा उंचच उंच, वरून सिमेंटचा, म्हणजे दाताभोवतीच्या हाडासारख्या पदार्थाचा थर, आणि वाळूत घासून काळपट झालेली सुटी दाढ असेल तर नवख्या माणसाला ती "कुठल्यातरी मोठ्या जनावराची" एवढंच कळतं. रंग आणि वजन यावर तर अजिबात जाऊ नका, कालपरवाच्या बैलाची दाढपण योग्य मातीत पडली तर काळी होते.

दाढ आडवी धरून बघण्यापेक्षा आधी वरून बघा, म्हणजे चावायची बाजू. तिथं इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या सगळ्यात कडक थराच्या, रेषा उठून दिसतात कारण डेंटिन (आतला भाग) आणि सिमेंट मऊ, ते आधी झिजतं. बैलाच्या वरच्या दाढेत दोन भाग दिसतात, प्रत्येकात चंद्रकोरीसारखे वळसे, मधल्या खड्ड्यांच्या कडा बऱ्यापैकी साध्या. घोड्याच्या वरच्या दाढेत मात्र त्याच खड्ड्यांच्या कडांना बारीक बारीक चुण्या असतात, आणि एकूण रेषांचा गुंता इतका की चित्र काढायला बसलात तर पेन्सिल थांबणारच नाही.

आता खरी फसवणूक इथं आहे. दोघांच्याही वरच्या दाढेत जिभेच्या बाजूला एक वेगळा गोळा दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं "बेट दिसलं की घोडा", आणि तिथंच चुकतं. बैलात तो एक बारीक खांब असतो, दोन भागांच्या बरोबर मधल्या खाचेत उभा. दाढ नवीन असेल तर तो वरपर्यंत पोचलेलाच नसतो, बाजूने बघावं लागतं. मग झीज वाढली की आधी सुटा ठिपका दिसतो आणि नंतर बाकीच्या इनॅमलला जोडला जातो. घोड्यात ते बेट मोठं, लांबट, दाढेच्या पुढच्या अर्ध्यात, आणि अरुंद मानेने बाकीच्या दाढेला चिकटलेलं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत हेच बेट पूर्ण सुटं दिसलं तर तो इक्वस नाही, त्याच्या आधीचा तीन बोटांचा घोडा, हिप्पॅरियन. शेळी-मेंढीत तो खांब नसतोच, त्यामुळे लहान दाढ आणि खांब गायब असेल तर बैलाचं नाव घ्यायलाच नको.

खालची दाढ अरुंद असते, वरची रुंद चौकोनी, तेवढ्यावरून जबडा ठरवता येतो. खालच्या दाढेत बैलाचा खांब गालाच्या बाजूला जातो, आणि मधे खड्डे असतात. घोड्याच्या खालच्या दाढेत असे बंद खड्डे नसतात, दऱ्या असतात त्या जिभेच्या बाजूला उघड्या, आणि त्याच बाजूला इनॅमलची जुळी गाठ दिसते.

जबड्याचा तुकडा मिळाला तर काम सोपं, कारण ओळ मोजता येते. घोड्यात उपदाढा आणि दाढा जवळपास एकसारख्या दिसतात, पहिली आणि शेवटची तेवढी त्रिकोणी. बैलात पुढच्या तीन लहान, साध्या, आणि मागच्या तीन मोठ्या, फरक लगेच डोळ्यात भरतो. खालच्या शेवटच्या दाढेला बैलात तिसरा भाग जोडलेला असतो. आणि वरच्या जबड्यात पटाशीचे दात असतील तर प्रश्न मिटला, कारण बैलाला ते नसतातच, तिथं नुसती कडक गादी असते.

पाणघोडा मधेच घुसतो कधीकधी, तोही या गाळात आहे, पण त्याच्या झिजलेल्या दाढेवर बेलाच्या पानासारखे तीन लोब दिसतात, एकदा पाहिलं की विसरत नाही.

अगदी म्हातारं जनावर असेल तर मात्र खड्डे झिजून पार नाहीसे होतात, घोड्याच्या चुण्यापण जातात, मग बेटाची जागा आणि बाजूच्या कडा एवढ्यावरच भागवावं लागतं. बैल आणि रानम्हैस, म्हणजे बुबालस, यांच्यात तर एका सुट्या दाढेवरून निवाडा करायला माझं धाडस होत नाही, शिंगाचा बुंधा मिळाला तर गोष्ट वेगळी. तोपर्यंत लेबलवर "गाय-म्हशीच्या कुळातला मोठा प्राणी, बॉस किंवा बुबालस" असं लिहिलेलं बरं, आणि दाढ कुठल्या थरात सापडली ते त्याखाली. तेवढी नोंद नसेल तर नुसत्या दाढेचा पुढे कोणाला फारसा उपयोग होत नाही.