लघवी स्वच्छ, म्हणजे किडनी ठणठणीत?

‘लघवी पाण्यासारखी होतेय ना, मग किडनीची काळजी नको’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांसाठी तर धोक्याचा.

रंगावरून लघवी किती दाट किंवा पातळ आहे एवढाच अंदाज येतो. गडद पिवळी असेल तर बहुधा पाणी कमी पडतंय. तेही नेहमी नाही: बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की भरपूर पाणी पिऊनही ती गर्द पिवळी दिसते, रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाने नारिंगी होते.

किडनीचं खरं कसब गरजेनुसार लघवी दाट-पातळ करण्यात आहे. लघवीच्या रिपोर्टमधला ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ (पाण्याच्या तुलनेत लघवीची घनता) हा आकडा तेच सांगतो. किती पाणी पितो त्यानुसार तो साधारण १.००५ ते १.०३० मध्ये खालीवर होतो. किडनी बरीच खराब झाली की तो १.०१० च्या आसपास अडकून बसतो. म्हणजे पाणी कमी पिऊनही लघवी फिकटच!

सुरुवातीचा बिघाड तर डोळ्यांना सहसा दिसतच नाही. तो पकडायला लघवीतल्या अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, दोन्ही हवेत. गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आलं तरी लगेच घाबरू नका. ताप, जोराचा व्यायाम, लघवीतला संसर्ग यांनीही ते तात्पुरतं वाढतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपासा. तीन महिन्यांनंतरही वाढलेलंच असेल, तर किडनीचा जुनाट आजार धरून डॉक्टर उपचार ठरवतात.