आडनावांची वारंवारिता (ग्वाल्हेरमधील मराठी आडनावे)

एखाद्या लोकसमूहात एकच आडनाव किती जण लावतात, त्या प्रमाणाला त्या आडनावाची वारंवारिता म्हणतात. ती पिढीगणिक बदलते. मुलगे होणे-न होणे, स्थलांतर, दत्तकविधान, आडनाव बदलणे आणि नोंदीतले लेखन ही या बदलाची प्रमुख कारणे होत. मूळ प्रदेशापासून दूर गेलेल्या लहान समाजात हा बदल चटकन लक्षात येतो, म्हणून शिंद्यांबरोबर उत्तरेत स्थिरावलेल्या ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचे उदाहरण अभ्यासाला फार मोलाचे आहे.

या विषयाचे गणित इंग्लंडमध्ये मांडले गेले. नामांकित घराण्यांची आडनावे का लोपतात, हा प्रश्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये विचारला आणि १८७४ मध्ये गणिती हेन्री वॉटसन यांच्यासह त्यावर निबंध प्रसिद्ध केला. सगळीच आडनावे अखेर नाहीशी होतात, हा वॉटसन यांचा निष्कर्ष मात्र चुकीचा होता. आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जाते असे धरले, तर दर पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगे असताना लोप अटळ ठरतो (प्रत्येकाला नेमका एकच मुलगा, हा एकमेव अपवाद). सरासरी एकाहून जास्त असेल, तर आडनाव टिकण्याची शक्यता उरते. पण तेव्हाही खात्री नसतेच. समजा, पुरुषाला एकही मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक मुलगा असण्याची पाव आणि दोन असण्याची निम्मी आहे. सरासरी सव्वा येते, म्हणजे समाज वाढता आहे. तरीही एका पुरुषापासून सुरू झालेला वंश कधी ना कधी खुंटण्याची शक्यता निम्मी निघते. त्याच आडनावाची परस्परांशी संबंध नसलेली दहा घरे असतील, तर ती सगळी खुंटण्याची शक्यता १,०२४ मध्ये केवळ १ उरते. आरंभी घरे किती होती, यावर पुढचे एवढे अवलंबून असते.

ग्वाल्हेरला हा आरंभ ठळकपणे दिसतो. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ तळ दिला आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. शिंद्यांच्या पदरी सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, गवई असे नाना प्रकारचे लोक होते. कुलकर्णी, जोशी, देशपांडे ही वतनावरून वा व्यवसायावरून पडलेली आडनावे महाराष्ट्रात गावोगावी स्वतंत्रपणे रूढ झाली होती, त्यामुळे ती लावणारी घराणी अनेक ठिकाणांहून आलेली असू शकतात. लहानशा गावावरून पडलेले ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव मात्र बहुधा एकाच घराण्याबरोबर येते आणि त्या एका घरावरच तगते. दोन कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद असतील असे धरता येत नाही. दुर्मीळ आडनावाची दोन माणसे भेटली, तर नाते शोधायला जागा असते.

नवी आडनावेही घडतात. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक राजाभैया पूंछवाले (१८८२–१९५६) यांचे मूळ आडनाव अष्टेकर. बुंदेलखंडातल्या पूंछ गावाशी आलेल्या संबंधातून ते पूंछवाले झाले. गावावरून नाव घेण्याची मराठी रीत टिकली आणि प्रत्यय तेवढा तिथल्या बोलीचा आला. ग्वाल्हेरच्या सरदारांतले आंग्रेही मूळचे संकपाळ, आंगरवाडीवरून आंग्रे झालेले. असा बदल झाला, की जुन्या आडनावाची एक शाखा नोंदीतून गळते, वंश मात्र चालूच असतो. त्यामुळे आडनावाचा लोप म्हणजे वंशाचा लोप, असे मानणे धोक्याचे आहे.

दत्तकविधान गाल्टन-वॉटसन यांच्या हिशेबात बसत नाही. महादजींनंतर आलेले दौलतराव, १८२७ मध्ये आलेले जनकोजीराव आणि १८४३ मध्ये आलेले जयाजीराव, असे ग्वाल्हेरच्या गादीचे लागोपाठ तीन वारस दत्तक होते. तिघेही शिंदे भाऊबंदांतलेच असल्याने एकूण शिंद्यांची संख्या त्यामुळे वाढली नाही; खुंटणारी शाखा तेवढी सावरली. मुलीचा मुलगा दत्तक घेतला, तर मात्र एका आडनावाचा माणूस कमी होऊन दुसऱ्याचा वाढतो.

मोजणीत लेखनाचा घोळ मोठा असतो. व्यक्तिगत माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गोपनीय असल्याने अभ्यासकांना मतदारयाद्यांसारख्या साधनांकडे वळावे लागते. हिंदी लेखनात ‘ळ’ चा ‘ल’ होतो आणि फाळके, शितोळे, काळे ही फालके, शितोले, काले म्हणून नोंदली जातात. राजघराणे हिंदीत ‘सिंधिया’ लिहिले जाते, तर शहरातला एक भाग ‘शिंदे की छावनी’च राहिला आहे. ही रूपे आधी एकत्र केली नाहीत, तर वारंवारिता खोटी निघते.

ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये ‘मध्य भारत’ या राज्यात विलीन झाले आणि दरबारी चाकरीचा आधार गेला. नोकरी-शिक्षणासाठी पुणे, इंदूर, भोपाळ, दिल्लीकडे गेलेल्या कुटुंबांची आडनावे ग्वाल्हेरच्या यादीतून उतरतात आणि तिकडे वाढतात. शिवाय २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचा एकूण जननदर (दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये) २.० होता, म्हणजे मुलगे सरासरी एकाच्या आसपास. एक-दोन घरांवर तगलेल्या आडनावांना हा दर पुरेसा नाही. लग्नानंतरही माहेरचे आडनाव ठेवणाऱ्या आणि ते मुलांना देणाऱ्या स्त्रियांमुळे मात्र हिशेबाचे मूळ गृहीतकच बदलते: आडनाव चालवणाऱ्यांत मुलीही आल्या, की तोच जननदर असूनही ते टिकण्याची शक्यता वाढते.