गुलमोहराची फुलं गेली कुठे?

मे महिन्यातली संध्याकाळ. पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाच्या बागेत फिरायला गेलो होतो. गुलमोहर असा फुलला होता की झाडाखालची जमीनसुद्धा लाल झाली होती. बरोबर आठवीतली भाची. तिने मोबाइलवर झाडाचा फोटो काढला, तो कृष्णधवल करून पाहिला आणि हिरमुसली. "मावशी, फुलं गेली कुठे?"

खरंच गेली होती. खोड होतं, फांद्या होत्या, पण वर पानं कुठली आणि फुलं कुठली, काही कळत नव्हतं. सगळं एकाच करड्या रंगात कालवलेलं.

तिथेच बाकावर बसून हिशेब केला. मोबाइलमधल्या फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. या तिघांचा एक करडा आकडा करायचा, तर सरळ सरासरी काढत नाहीत. आपल्या डोळ्याला भर उजेडात हिरवा रंग सगळ्यांत उजळ वाटतो, म्हणून टीव्हीच्या काळापासून चालत आलेल्या सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला जेमतेम ११ टक्के वजन दिलेलं असतं. समजा, फुलाचे आकडे आहेत २००, ४०, २० आणि पानाचे ६०, ११०, ४०. सूत्रात घालून पाहा: फूल येतं ८६, पान येतं ८७. डोळ्यांना भडक वाटणारा सगळा फरक एका आकड्यावर आला!

मग तिला फोटोच्या ॲपमधली लाल रंगाची पट्टी वाढवायला सांगितली. फुलं चाफ्यासारखी पांढरी झाली. पट्टी उलटी सरकवली, तर काळीकुट्ट. झाड तेच, फोटोही तोच. कृष्णधवल फोटोत रंग नुसते पुसले जात नाहीत, कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. मला या कलेतली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि बहुतेक जण तो निर्णय मोबाइलवर सोडून देतात याचं वाईटही वाटतं.

ज्यांच्या स्मारकात आम्ही बसलो होतो, त्या दादासाहेब फाळक्यांच्या काळी हा निर्णय रसायनं घेत. फिल्मवरचे चांदीचे क्षार मुळात निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देतात. १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं, की त्यात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरव्यालाही दाद देऊ लागतात. लाल रंग मात्र बराच काळ हाती आला नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हा चित्रपटांसाठी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळीच होती. तिच्यावर लाल लुगडं काळं उमटायचं. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तोही याचमुळे: कृष्णधवल फोटोच्या कागदाला तो दिसतच नाही.

निळ्याला मात्र ती फिल्म भुललेली. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंत आकाश बहुधा कोरं पांढरं असतं, ढगांचा पत्ता नाही. उपाय सोपा आहे, पण त्यासाठी लाल रंग ओळखणारी फिल्म हवी: भिंगापुढे लाल काच धरायची. हवेतले रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त विखुरतात, म्हणून तर आकाश निळं. लाल काच तो निळा अडवते, आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. त्या दिवशी डोंगरावर वळवाचे ढग जमले होते. भाचीने ॲपमध्ये हीच युक्ती केली आणि ढग असे दिसू लागले, की आत्ता कोसळतील.

सव्वासात होत आले. बागेतले दिवे अजून लागले नव्हते. मी तिला म्हटलं, आता मोबाइल ठेव आणि झाडाकडे नुसतं बघ. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साठ लाखांच्या आसपास असतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी. अंधारू लागलं की कारभार दंडपेशींकडे जातो. त्यांना निळसर हिरवा सगळ्यांत चांगला दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा बदल टिपला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

पाच-सात मिनिटं आम्ही काही बोललो नाही. पानं अजून फिकट करडी दिसत होती. फुलं मात्र एकेक करून काळी पडत चालली होती, फाळक्यांच्या फिल्मवर उमटली असती तशी.