जिप्सी मॉथ : पेटीतल्या विमानाविषयी थोडं

आपण घेतलेला लाकडी संच डी हॅविलंड कंपनीच्या डीएच-60 जी, म्हणजे जिप्सी मॉथ या दोन आसनी विमानाचा आहे. प्रमाण 1:24, पंखांचा पसारा 38 सेंटिमीटर. जोडणीची आकृती वेगळ्या कागदावर आहे. इथे विमानाची हकीकत आहे, आणि कुठला भाग तसा का आहे तेही.

सगळ्यात जास्त फोन पंखांबद्दल येतात. पंख मागे दुमडतात, हा संचातला दोष नव्हे, मुळातच ते तसे होते. 22 फेब्रुवारी 1925 रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन मैदानावर जेफ्री डी हॅविलंड यांनी पहिलं मॉथ उडवलं. हौशी माणसाला परवडावं आणि साध्या शेडमध्ये मावावं, असं विमान त्यांना हवं होतं. 30 फुटी पंख दुमडले की रुंदी जेमतेम 10 फूट उरे. दुमडण्याआधी वरच्या आणि खालच्या पंखाच्या पुढच्या बाजूला एक तात्पुरती दांडी अडकवावी लागे, नाहीतर खीळ काढताच पंखांचा आधार जाई. संचातली लाल टोकाची काडी ती हीच. ती न लावता पंख वळवू नका; बिजागरी नाजूक आहे. (डी हॅविलंड यांना फुलपाखरं आणि किडे-पतंगांचा नाद होता. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग; हे नाव त्यातूनच आलं.)

खरी अडचण इंजिनाची होती. इंजिनांचे रचनाकार फ्रँक हॅलफर्ड यांनी पहिल्या महायुद्धानंतर पडून राहिलेल्या रेनॉच्या व्ही-8 इंजिनांतली चार सिलिंडरांची एकच ओळ घेतली आणि नव्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीवर, बसवली. हे सिरस इंजिन, सुमारे 60 अश्वशक्तीचं. भंगारातून केलेली ही जुळवाजुळव इतकी चालली की जुना माल पुरेना. मग कंपनीने स्वतःचं 100 अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन काढलं आणि विमान जिप्सी मॉथ झालं. नाकावर सिलिंडरांची डोकी वर आलेली दिसतात, ती घासून सपाट करू नका. वरच्या पंखाच्या मधोमध पेट्रोलची टाकी आहे. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली इंजिनात उतरे. एकटा वैमानिक मागच्या खुर्चीत बसे, तेव्हा बाहुलीही मागेच बसवा.

आपल्याकडे या विमानाची ओळख जे. आर. डी. टाटांमुळे. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर महिन्याच्या आत एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 1930 च्या मे महिन्यात जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर (इंजिनिअर हे आडनाव) हा कोवळा पोरगा इंग्लंडहून इकडे येत होता. दोघांकडेही जिप्सी मॉथच. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगवाचून, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागावाचून, अस्पी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले, आणि बक्षीस अस्पीने जिंकलं! हाच अस्पी पुढे 1960 मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला. आमच्या मते मॉथची याहून चांगली गोष्ट नाही.

15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडींनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते विमान हे नव्हे. ते पुस मॉथ : एकच पंख, बंद केबिन. टायगर मॉथही वेगळं. त्याचे पंख मागे झुकलेले आणि इंजिन उलटं टांगलेलं.

रंगासाठी अक्षरांचा एकच ताव दिला आहे, ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सनच्या 'जेसन' नावाच्या जिप्सी मॉथचा. 5 मे 1930 रोजी ती क्रॉयडनहून एकटी निघाली आणि कराची, झाशी, कलकत्ता करत 24 मे रोजी ऑस्ट्रेलियात डार्विनला पोहोचली. तिचं विमान गडद हिरवं, अक्षरं चंदेरी. हिरव्याचे दोन पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या आणि मगच अक्षरं चिकटवा. पावसाळ्यात दोन दिवस थांबलेलं बरं.