उलट लिलाव

उलट लिलाव किंवा रिव्हर्स ऑक्शन (खरेदी खात्यांच्या बोलण्यात नुसते ‘आरए’) म्हणजे एका खरेदीदारासाठी अनेक विक्रेत्यांनी ठरावीक वेळात, ऑनलाइन, आपापला दर उतरवत नेण्याची पद्धत. तुर्भ्याच्या बाजार समितीत मालाला गिऱ्हाइके भिडतात आणि भाव चढतो. तिथून जवळच, पावणे-महाप्याच्या एमआयडीसीत, एका ऑर्डरसाठी कारखानदार भिडतात आणि भाव उतरतो.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ग्लेन मीकम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या फ्रीमार्केट्स कंपनीने कारखान्यांच्या सुट्या भागांसाठी ही पद्धत रुळवली. ही कंपनी २००४ मध्ये अरिबा या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली. भारतात २०१६ पासून केंद्राच्या ‘जेम’ पोर्टलवर ही पद्धत सरकारी खरेदीत वापरली जाते. राजस्थानातील भडला येथील सौरविजेचा दर २०१७ मध्ये युनिटला २.४४ रुपयांपर्यंत उतरला, तोही उलट लिलावातच.

पुठ्ठ्याच्या खोक्यांचे उदाहरण घेऊ. समजा, रबाळ्यातील एका औषध कंपनीला ५ प्लायची (पाच थरांची) १०,००० खोकी हवी आहेत. नमुने, कारखान्याची पाहणी, अटींना होकार हे आधी उरकते. त्यात टिकलेल्या पार्ट्यांनाच लॉगिन मिळते. सुरुवातीचा दर ४२ रुपये, प्रत्येक वेळी किमान २५ पैसे उतरायचे, वेळ अर्धा तास. शेवटच्या ५ मिनिटांत कोणी दर टाकला तर मुदत आणखी ५ मिनिटांनी वाढते. ही सोय नसेल तर सगळेच शेवटच्या सेकंदासाठी दबा धरून बसतात. स्पर्धकांची नावे दिसत नाहीत. कुठे फक्त आपला क्रमांक कळतो (सर्वांत कमी दरवाला एल-वन, त्यानंतरचा एल-टू), कुठे सर्वांत कमी दरही.

खरेदीदार जिंकतो किंवा हरतो तो मात्र या अर्ध्या तासात नव्हे, त्याआधी मालाचा तपशील लिहिताना. ‘५ प्लाय, १५० जीएसएम’ (कागदाचे चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) एवढेच लिहिले आणि कागदाचा बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे बीएफ (कागद फुटण्याआधी किती दाब सोसतो त्याचे माप), लिहायचा राहिला, तर २० बीएफऐवजी १६ बीएफचा कागद धरणारा सहज खाली जातो आणि एल-वन होतो. खोके दिसायला तसेच असते. गोदामात थप्पी लागली की तळचे दबते. सॉफ्टवेअर फक्त आकडे ताडून पाहते, खोके दाबून पाहत नाही. म्हणूनच खोकी, नटबोल्ट, केबल, लॅपटॉप, ट्रकभाडे अशा नेमके वर्णन करता येणाऱ्या गोष्टींना आरए मानवतो. नवीन डाय बनवणे किंवा जुन्या मशीनची दुरुस्ती त्यावर घालणे हा शुद्ध आडमुठेपणा. दोनच पुरवठादार असतील तरीही त्यात अर्थ नाही.

विक्रेत्याने आपला तळाचा दर लॉगिनआधीच काढून ठेवावा लागतो: क्राफ्ट पेपर, खळ, छपाई, पिना, मजुरी, टेम्पोभाडे आणि पैसे अडकल्याचे व्याज. दर जीएसटीसह की वगळून, माल कुठे पोचवायचा, हेही आधी विचारून घ्यावे. क्रमांक घसरलेला दिसला की हात शिवशिवतो, आणि टाकलेला दर सहसा मागे घेता येत नाही. माघार घेतल्यास अनामत रक्कम जप्त होऊ शकते.

एल-वनला ऑर्डर मिळतेच असे नाही. खासगी कंपन्या बहुधा अंतिम निर्णय स्वतःकडे राखतात, आणि काही जण तर जुन्याच पुरवठादाराचा दर पाडून घेण्यापुरता आरए लावतात. सरकारी खरेदीत मात्र, केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, एल-वन सूक्ष्म वा लघु उद्योग नसेल आणि अशा एखाद्या उद्योगाचा दर एल-वनच्या वर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या लहान उद्योगाला एल-वनचा दर मान्य करून ऑर्डरचा वाटा मिळू शकतो. विक्रेत्यांनी आपसांत ठरवून दर रोखणे, म्हणजेच ‘रिंग’ करणे, स्पर्धा कायदा, २००२ खाली बेकायदा आहे.

दर तळाला गेलेल्या ऑर्डरीत पैसे उशिरा आले की उरलेला नफाही व्याजात जातो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक केले आहे. तेवढेही थांबणे परवडत नसेल आणि खरेदीदारही नोंदलेला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ मंचांवर बिल वटवता येते. तिथे त्या बिलावर कमी व्याजदरासाठी बँका एकमेकींशी स्पर्धा करतात.