डेव्हिस, जॉन हॉवर्ड

जॉन हॉवर्ड डेव्हिस (९ मार्च १९३९ – २२ ऑगस्ट २०११) : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचे दिग्दर्शक व निर्माते, पुढे बीबीसी आणि थेम्स टेलिव्हिजन या संस्थांतील विनोदी व करमणूक विभागांचे प्रमुख. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’चे पहिले भाग, ‘फॉल्टी टॉवर्स’चे पहिले पर्व, ‘द गुड लाइफ’ आणि ‘मिस्टर बीन’ची सुरुवात, एवढे सगळे या एका माणसाच्या हातून गेले. मिस्टर बीन आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याला पडद्यावर पहिल्यांदा उभे करणाऱ्याचे नाव मात्र फार थोड्यांच्या कानावर आलेले असते.

डेव्हिस यांचा जन्म लंडनचा. वडील जॅक डेव्हिस पटकथालेखक होते. डेव्हिड लीन यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९४८) या चित्रपटात गरिबांसाठीच्या ‘वर्कहाउस’मधला, वाडगा पुढे करून आणखी लापशी मागणारा तो भेदरलेला पोरगा म्हणजे हेच डेव्हिस. पाठोपाठ ‘द रॉकिंग हॉर्स विनर’ (१९४९) आणि ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ (१९५१) यांतही त्यांनी कामे केली. मोठेपणी ते अभिनयात रमले नाहीत. नौदलातली सक्तीची सेवा आणि काही किरकोळ नोकऱ्या करून १९६६ साली ते बीबीसीत निर्मिती साहाय्यक म्हणून लागले. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या नटाच्या पोटात काय कालवाकालव होते, हे ज्याने आठव्या-नवव्या वर्षीच अनुभवले, असा दिग्दर्शक विरळाच. नटांची निवड हे त्यांचे बलस्थान ठरले, त्यामागे हा अनुभव असावा.

१९६९ साली ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूच्या मालिकेचे स्टुडिओतले पहिले चार भाग त्यांनी सांभाळले. नंतर ही जबाबदारी इयन मॅकनॉटन यांच्याकडे गेली. कॅरल क्लीव्हलंड ही अभिनेत्री या चमूत आली ती डेव्हिस यांच्यामुळे.

त्या काळची ब्रिटिश विनोदी मालिका म्हणजे निम्मे नाटकच. आठवडाभर तालीम व्हायची आणि मग एका संध्याकाळी बोलावलेल्या प्रेक्षकांसमोर अख्खा भाग चित्रित व्हायचा. बाहेरची दृश्ये आधीच फिल्मवर घेतलेली असत. चार-पाच कॅमेरे एकाच वेळी चालू, आणि दिग्दर्शक वरच्या नियंत्रण कक्षात पडद्यांच्या रांगेसमोर. प्रेक्षकांचा हशा खराखुरा असल्यामुळे नटाला त्यासाठी थांबावे लागे आणि कॅमेऱ्यालाही. हा ताल चुकला की हातचा हशा जायचा.

‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये (बीबीसी २, १९ सप्टेंबर १९७५ पासून) या पद्धतीचा कस लागला. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांच्या संहिता अर्ध्या तासाच्या नेहमीच्या मालिकेपेक्षा कितीतरी जास्त पानांच्या असत, त्यामुळे सगळेच धावपळीत उरकावे लागे. मालिकेचे एकूण भाग १२. त्यांपैकी पहिले ६ डेव्हिस यांचे, उरलेले १९७९ साली बॉब स्पायर्स यांनी दिग्दर्शित केले. मालिकेतला हॉटेलमालक बॅसिल (जॉन क्लीज) याची बायको सिबिल हिच्या भूमिकेसाठी आधी विचारलेल्या अभिनेत्रीने नकार दिल्यावर प्रुनेला स्केल्स यांचे नाव डेव्हिस यांनी सुचवले. आज त्या जागी दुसरे कोणी डोळ्यांसमोर येतच नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात डोक्याला मार बसलेला बॅसिल जर्मन पाहुण्यांसमोर लांब टांगा टाकत नाझी सैनिकांची लष्करी चाल करून दाखवतो. क्लीज यांची उंची सहा फूट पाच इंच. इथे चेहरा जवळून दाखवण्याचा मोह झाला असता, तर सगळी गंमत मातीत गेली असती. चौकटीत पाय दिसले पाहिजेत आणि ते पाहून अवघडलेली गिऱ्हाइकेही दिसली पाहिजेत. दिग्दर्शकाने मागे सरून नटाला जागा करून देणे म्हणजे काय, हे शिकायचे तर हा प्रसंग पाहावा.

त्याच वर्षी ‘द गुड लाइफ’ सुरू झाली. नोकरी सोडून लंडनच्या सर्बिटन या उपनगरातल्या आपल्या घराच्या परसात भाजीपाला, डुकरे, कोंबड्या पोसणारे जोडपे आणि त्यांचे प्रतिष्ठित शेजारी अशी ही गोष्ट. रिचर्ड ब्रायर्स यांच्याबरोबर यात फेलिसिटी केंडल होत्या. मुंबईकरांना हे आडनाव परके नाही. पृथ्वी थिएटर उभारणाऱ्या जेनिफर केंडल-कपूर यांच्या त्या धाकट्या बहीण, आणि त्यांचे बालपण आईवडिलांच्या फिरत्या नाटक कंपनीबरोबर भारतातच गेले.

१९७७ ते १९८२ डेव्हिस बीबीसीच्या विनोदी विभागाचे प्रमुख होते. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या विनोदी मालिकेला (१९८१) त्यांच्याच काळात हिरवा कंदील मिळाला. पुढे थेम्समध्ये करमणूक विभागाचे प्रमुख असताना १९८९ साली त्यांनी विनोदी नट बेनी हिल यांचा अनेक वर्षांचा करार संपवला. घटता प्रेक्षकवर्ग आणि वाढता खर्च ही त्यामागची कारणे. हिल यांच्या चाहत्यांनी त्यांना याबद्दल कधी माफ केले नाही. पण ज्या कामगिरीसाठी त्यांची आठवण ठेवायची, ती ही नव्हे.

१ जानेवारी १९९० रोजी ‘मिस्टर बीन’चा पहिला भाग आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर झळकला, तो डेव्हिस यांनीच दिग्दर्शित केला होता. पन्नाशी ओलांडलेल्या, वरिष्ठ पदावरच्या या माणसाने पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहावे, हे मला फार मोलाचे वाटते. संवाद जवळजवळ नाहीत. सगळी भिस्त रोवन ॲटकिन्सन यांच्या देहावर आणि चेहऱ्यावर. पहिला प्रसंग परीक्षेचा, दुसरा समुद्रकिनाऱ्यावर पँट न काढता पोहण्याची चड्डी घालण्याचा, तिसरा चर्चमधला. या भागाला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या दूरचित्रवाणी महोत्सवात सुवर्ण गुलाब हा पुरस्कार मिळाला. चर्चमध्ये बीनला स्तोत्राचे शब्द येत नाहीत आणि शेजारचा गृहस्थ पुस्तक त्याला दिसू देत नाही. मग बीन ओळभर पुटपुटतो आणि ‘आलेलुया’ आले की छाती फुगवून आवाज लावतो. पुस्तक आपल्याकडे ओढून धरणारा तो शेजारी म्हणजे ‘द गुड लाइफ’चे रिचर्ड ब्रायर्स. कॅमेरा दोघांनाही एकाच चौकटीत ठेवतो, आणि हसू येते ते जितके बीनच्या गाण्याला, तितकेच ब्रायर्स यांच्या आक्रसलेल्या खांद्यांना.