रोडी म्हणजे नुसती खोकी उचलणारा?

रॉक बँडसोबत वर्षानुवर्षं फिरणारा रोडी, म्हणजे दौऱ्यातला सहायक, फक्त सामानाची खोकी उचलतो आणि फुकटात कार्यक्रम बघतो, असं सर्रास म्हटलं जातं. मोठ्या दौऱ्यांत सामान चढवायला-उतरवायला बहुतेक त्या-त्या शहरातली माणसं असतात. अनुभवी रोडीचं काम मात्र कानाचं आहे. दिव्यांच्या उष्णतेनं, घामानं गिटारचा सूर हलतो. तो नव्या तारा चढवतो, बोटांनी ओढून ओढून त्या बसवतो, पुढच्या गाण्याची गिटार सुरात लावून तयार ठेवतो. तार तुटलीच तर दुसरी गिटार लगेच वादकाच्या गळ्यात!

पडताळायचं असेल तर एखाद्या कॉन्सर्टचं पूर्ण चित्रीकरण बघा; दोन गाण्यांच्या मधे नजर गायकावरून काढून स्टेजच्या कडेला न्या. शिवाय अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘गिटार टेक्निशियन’, ‘ड्रम टेक्निशियन’ अशा नोंदी अनेकदा सापडतात.